चौकशी चालू, हप्ता बंद

ठरलेल्या तारखेला खात्यात रक्कम जमा झाली नाही, की पहिले दोन दिवस माणूस बँकेला दोष देतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पत्र येते. आपल्या पात्रतेसंबंधी काही माहिती कार्यालयास प्राप्त झाली असून तिची पडताळणी पूर्ण होईपर्यंत आपले देय तात्पुरते स्थगित करण्यात येत आहे, असे त्यात लिहिलेले असते. माहिती कोणती, ती कोठून आली, पडताळणीला किती दिवस लागतील आणि तोवर घर कसे चालवायचे, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्या पत्रात बहुधा नसते. ‘तात्पुरते’ हा त्यातला सर्वांत फसवा शब्द आहे. फायलीच्या दृष्टीने स्थगिती तात्पुरतीच असते, कारण ती एका सहीने उठवता येते. परंतु ज्याच्या घरात त्या रकमेखेरीज दुसरे उत्पन्न नाही, त्याचे थकलेले भाडे आणि व्याजाने काढलेले पैसे त्या सहीने नाहीसे होत नाहीत.

सरकारकडून मिळणारी मदत चौकशी चालू असताना थांबवावी की चालू ठेवावी, हा प्रश्न वरवर कारकुनी वाटतो. प्रत्यक्षात जगभरातल्या न्यायालयांनी त्यावर बरीच शाई खर्च केली आहे आणि निदान एका देशात त्याच्याशी निगडित प्रकरणावरून मंत्रिमंडळाला पायउतार व्हावे लागले आहे. या लेखात तो प्रश्न सोपा करून पाहू.

आधी शब्द नीट वेगळे केले पाहिजेत, कारण कार्यालयांत आणि बातम्यांत ते सर्रास एकमेकांत मिसळले जातात. मदत रद्द करणे म्हणजे माणूस अपात्र आहे असा निर्णय होऊन देणे संपवणे. कपात किंवा दंड म्हणजे पात्रता मान्य असूनही एखादी अट मोडल्याबद्दल रक्कम कमी करणे. वसुली म्हणजे पूर्वी जास्त दिलेले परत घेणे. स्थगिती या तिन्हींहून निराळी आहे, कारण तिच्यात अजून काहीच ठरलेले नसते. माणूस पात्र आहे असा जुना निर्णय कागदोपत्री शाबूत असतो, तो चुकीचा असल्याची केवळ शंका आलेली असते आणि त्या शंकेच्या बळावर पैसे अडवलेले असतात. कायद्याची सगळी गुंतागुंत येथूनच सुरू होते.

शंका येण्याचे मार्ग फार नाहीत. कोणीतरी तक्रार करते. दोन सरकारी नोंदींची संगणकावर तुलना केली असता त्या जुळत नाहीत. कार्यालयाने पाठवलेल्या पत्राला मुदतीत उत्तर येत नाही. किंवा कुटुंबात जन्म, मृत्यू, लग्न, नोकरी, घरबदल असे काही घडते आणि त्याची नोंद उशिरा होते. यांतल्या बऱ्याच गोष्टींत लबाडीचा भाग नसतो. पत्ता बदलल्यामुळे पत्र न पोचणे आणि खोटे उत्पन्न दाखवणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, पण स्थगितीचे पत्र दोघांना एकाच मजकुराचे जाते.

स्थगितीची बाजू पोकळ आहे असे मात्र समजू नये. मृत माणसाच्या नावाने हप्ता चालू असेल, तर तो थांबवल्याने कोणीही उपाशी राहत नाही. चोरलेल्या ओळखीवर कोणी पन्नास खाती उघडून पैसे उचलत असेल, तर नोटीस पाठवून महिनाभर वाट पाहणे म्हणजे चोराला पळायला रस्ता मोकळा करून देणे. शिवाय अपात्र व्यक्तीला दिलेला पैसा परत मिळवणे कठीण असते, कारण ज्याच्याकडे काही नाही त्याच्याकडून वसूल करायचे तरी काय? आणि एक मुद्दा लाभार्थ्याच्याच हिताचा आहे. चौकशी वर्षभर चालली, मदतही चालू राहिली आणि शेवटी निकाल विरुद्ध गेला, तर वर्षभराची रक्कम त्याच्या डोक्यावर कर्ज होऊन बसते. ज्याला स्वतःच्या पात्रतेची खात्री नाही, त्याला असे चालू राहिलेले हप्ते पुढे महागात पडू शकतात.

मग कोणती चूक पत्करायची, हे ठरवण्यासाठी एक कल्पित हिशेब मांडू. समजा शंभर जणांविषयी शंका आली, चौकशीला तीन महिने लागतात आणि शेवटी त्यांपैकी तीस अपात्र व सत्तर पात्र निघतात. सर्वांची मदत थांबवली, तर तीस अपात्र लोकांचे मिळून नव्वद हप्ते वाचतात. पण सत्तर पात्र लोकांचे दोनशे दहा हप्ते अडकतात. कोणाचीच थांबवली नाही, तर पात्र लोकांना झळ लागत नाही, मात्र नव्वद हप्ते चुकीच्या हातात जातात आणि त्यांतले काहीच परत येतात. आता आकडे उलटे करून पाहा. शंभरांतले नव्वद अपात्र निघणार असतील, तर थांबवल्याने दोनशे सत्तर हप्ते वाचतात आणि केवळ तीस अडकतात; मग स्थगिती बरीच समर्थनीय वाटू लागते. म्हणजे पहिली गोष्ट शंकेच्या प्रतीची. निनावी चिठ्ठी आणि मृत्यूची नोंद या दोन्ही शंकाच, पण एका तागडीत घालण्याजोग्या नव्हेत.

दुसरी गोष्ट या हिशेबात लपलेली आहे आणि माझ्या मते तीच अधिक महत्त्वाची आहे. चौकशी तीन महिन्यांऐवजी पंधरा दिवसांत संपली, तर पहिल्या उदाहरणातले नव्वद हप्ते पंधरावर येतात आणि दोनशे दहा हप्ते पस्तिसावर. थांबवा अथवा चालू ठेवा, दोन्ही प्रकारचे नुकसान एकदम एक-षष्ठांश होते. बाकी कोणताही नियम एका बाजूचे नुकसान कमी करताना दुसऱ्या बाजूचे वाढवतो. वेग तेवढा दोन्हीकडचे कमी करतो. आता विचारा, की चौकशी लवकर संपवणे कोणाच्या हातात असते? ते सर्वस्वी कार्यालयाच्या हातात असते. आणि पैसे थांबवल्यावर घाई कोणाला असते? ती फक्त लाभार्थ्याला असते. ज्याच्या हाती काम आहे त्याला घाई नाही आणि ज्याला घाई आहे त्याच्या हाती काही नाही, हे स्थगितीचे खरे दुखणे आहे. हप्ता चालू असता, तर एक-एक महिना वाया जाताना कार्यालयालाच टोचणी लागली असती.

या विषयावरचा सर्वाधिक उद्धृत होणारा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा आहे. ‘गोल्डबर्ग विरुद्ध केली’ या नावाने ओळखला जाणारा हा निकाल २३ मार्च १९७० रोजी पाच विरुद्ध तीन अशा मतांनी लागला आणि बहुमताचे निकालपत्र न्यायमूर्ती विल्यम ब्रेनन यांनी लिहिले. न्यूयॉर्क शहरातल्या काही रहिवाशांची सरकारी मदत बंद झाली होती किंवा होऊ घातली होती. निकालपत्राच्या एका तळटीपेत दोन उदाहरणे नोंदलेली आहेत. एका महिलेची मदत धोक्यात आली होती, कारण विभक्त पतीवर दावा लावण्याच्या कामी ती खात्याला सहकार्य करत नाही असा आक्षेप होता. तिचे म्हणणे असे, की ते धोरण तिच्या परिस्थितीला लागूच होत नाही. एका पुरुषाची मदत बंद झाली, कारण त्याने व्यसनमुक्तीसाठीचे समुपदेशन नाकारले. आणि त्याचे म्हणणे होते, की मी अमली पदार्थ घेतच नाही. ही दुसरी ओळ मला नेहमी अडवते. जे व्यसन नाही त्यावरचे उपचार घेत नाही, म्हणून पोटावर पाय.

त्या वेळच्या पद्धतीत अगदीच संधी नव्हती असे नाही. मदत बंद होण्याआधी किमान सात दिवस पत्र यायचे, लाभार्थ्याला वरिष्ठांकडे लेखी म्हणणे पाठवता यायचे आणि बंद झाल्यानंतर तोंडी सुनावणीही मागता यायची. ती जिंकली, तर अडवलेली सगळी रक्कम मिळायची. न्यायालयाने म्हटले, की हे पुरेसे नाही, कारण सुनावणी बंद होण्यापूर्वी हवी. त्यामागचा युक्तिवाद दोन पायऱ्यांचा आहे. पात्रतेचा वाद मिटेपर्यंत मदत थांबवली, तर खरोखर पात्र असलेल्या माणसाचे जगण्याचे साधनच वाट पाहण्याच्या काळात हिरावले जाते, ही पहिली पायरी. दुसरी अधिक बारीक आहे: रोजच्या अन्नाची सोय लावण्यात ज्याचा सगळा दिवस जातो, त्याला कार्यालयाशी झगडण्याची ताकद उरत नाही. म्हणजे स्थगिती केवळ निकालाची वाट पाहत बसत नाही. ती निकालावरही परिणाम करते, कारण एका पक्षाला ती आधीच थकवून टाकते. लेखी म्हणणे मागण्याच्या पद्धतीवरही न्यायालयाने बोट ठेवले. पुष्कळ लाभार्थ्यांना परिणामकारक लिहिता येत नाही आणि लिहून देणारा परवडत नाही, मग लेखी संधीचा उपयोग काय?

याच निकालाने आणखी एक कल्पना घट्ट केली. कायद्याने ठरवलेल्या अटी पूर्ण करणाऱ्याला मिळणारी मदत ही सरकारची कृपा नसून त्याचा हक्क आहे आणि तो काढून घेताना मालमत्ता काढून घेताना पाळावे लागणारे नियम पाळले पाहिजेत, ही ती कल्पना. आपल्या भाषेत ‘लाभार्थी’ हा शब्द इतका रुळला आहे, की त्यातला ‘अर्थी’ म्हणजे मागणारा, हे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. मागणाऱ्याला आज नाही म्हटले तर फार बिघडत नाही. हक्कदाराला नाही म्हणताना कारण द्यावे लागते. शब्द बदलल्याने पैसे मिळत नाहीत हे खरे, पण पत्र लिहिणाऱ्या हाताची भाषा त्याने बदलते.

विरोधात मत देणाऱ्यांत न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक होते आणि त्यांचा आक्षेप आजही विचारात घ्यावा असा आहे. एकदा सुरू केलेली मदत लांबलचक प्रक्रियेशिवाय थांबवता येत नसेल, तर सरकार ती सुरू करतानाच इतकी कसून चौकशी करील, की खरा गरजू दारातच ताटकळत राहील, असे त्यांचे म्हणणे होते. मागचे दार बंद केले, की पुढच्या दारावर गर्दी होते, एवढाच त्याचा अर्थ. हा धोका खरा आहे. त्यावरचे उत्तर म्हणून मागचे दार सताड उघडे ठेवणे मला पटत नाही, कारण नव्याने अर्ज करणाऱ्याने अजून त्या पैशावर घर उभे केलेले नसते, तर ज्याचा हप्ता चालू आहे त्याने भाडे, शाळा, औषधे यांची घडी त्याच्या भरवशावर बसवलेली असते.

सहा वर्षांनी, १९७६ मध्ये, त्याच न्यायालयाने ‘मॅथ्यूज विरुद्ध एल्ड्रिज’ या खटल्यात पाऊल मागे घेतले. या वेळी मदत अपंगत्वाबद्दलची होती. न्यायालयाने तीन गोष्टी तोलायला सांगितल्या: लाभार्थ्याचे काय पणाला लागले आहे, आत्ताच्या पद्धतीत चूक होण्याची शक्यता किती आणि जादा संधी दिल्याने ती कितपत घटेल, आणि सरकारवर त्याचा बोजा किती पडेल. अपंगत्वाची मदत गरिबीवर अवलंबून नसते आणि तिचा निर्णय मुख्यतः वैद्यकीय कागदांवर होतो, म्हणून आधी तोंडी सुनावणी अनिवार्य नाही, असा निष्कर्ष निघाला. सूत्र म्हणून ते सुबक आहे. पण ब्रेनन यांनी आपल्या विरोधी मतात एक वस्तुस्थिती नोंदवून ठेवली: मदत बंद झाल्यावर त्या कुटुंबाच्या घरावर जप्ती आली, घरातले सामानही उचलून नेले गेले आणि नवरा, बायको व मुले एकाच पलंगावर झोपू लागली. मदत गरिबीवर आधारित नाही असे कायदा म्हणत होता. पलंग वेगळे सांगत होता.

या दोन निकालांच्या मधला व्यवहार्य मार्ग अमेरिकेतल्या अनेक योजनांत आढळतो. गरिबांसाठीच्या वैद्यकीय मदतीच्या योजनेत, म्हणजे मेडिकेडमध्ये, मदत बंद करण्यापूर्वी साधारणपणे दहा दिवस आधी नोटीस द्यावी लागते आणि कारवाईच्या तारखेआधी सुनावणी मागितली, तर निकालापर्यंत मदत चालू राहते. निकाल विरुद्ध गेल्यास खर्च वसूल होऊ शकतो. फसवणुकीची शक्यता दाखवणारी तथ्ये हाती असतील, तर नोटिशीची मुदत पाच दिवसांवर आणता येते. फसवणुकीचा वास आला, तरी पाच दिवस द्यावेच लागतात, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

आपल्याकडे या प्रश्नाची एक जवळची समांतर रेषा आहे, पण ती कल्याणकारी योजनांत नव्हे, सरकारी नोकरीत सापडते. नोकर निलंबित झाला, की त्याचा पगार थांबतो, पण निर्वाह भत्ता चालू राहतो. त्याच्यावरचा आरोप लाच घेतल्याचा का असेना, चौकशी संपेपर्यंत त्याला जगवण्याची जबाबदारी मालकाची मानली जाते. १९७३ साली सर्वोच्च न्यायालयाने मध्य प्रदेशातल्या एका वनक्षेत्रपालाच्या प्रकरणात निकाल दिला. त्याची चौकशी राहत्या गावापासून सुमारे ५०० किलोमीटर दूर ठेवली होती. भत्ता मिळाला नव्हता, त्यामुळे तेथवर जाणे त्याला परवडले नाही आणि त्याच्या गैरहजेरीत चौकशी उरकली गेली. अशा चौकशीत आपली बाजू मांडण्याची वाजवी संधी मिळालीच नाही, असे न्यायालयाने ठरवले. १९८३ मध्ये तर महाराष्ट्रातला एक नियम रद्दबातल झाला, ज्यानुसार फौजदारी न्यायालयात दोषी ठरलेल्या आणि अपील प्रलंबित असलेल्या निलंबित नोकराला निर्वाहापोटी महिना १ रुपया मिळत असे. दोषी ठरलेल्यालाही अपिलाच्या निकालापर्यंत जगता आले पाहिजे, हे तत्त्व नोकरदाराच्या बाबतीत आपण स्वीकारले आहे. मग ज्याच्यावर अजून आरोपही नीट ठेवलेला नाही, अशा वृद्धाचा किंवा निराधाराचा हप्ता शून्यावर आणताना त्या तत्त्वाची आठवण का होत नाही, याचे समाधानकारक उत्तर मला सापडलेले नाही.

ब्रिटनची पद्धत दुसऱ्या टोकाकडे झुकते. तेथील २०१३ च्या नियमांनुसार पात्रतेच्या अटी पूर्ण होत आहेत की नाहीत असा प्रश्न उपस्थित झाला, तर देय पूर्णतः किंवा अंशतः स्थगित करता येते. लाभार्थ्याकडे माहिती मागितली जाते, ती देण्यास सामान्यतः १४ दिवस मिळतात आणि माहिती न देता एक महिना उलटला, तर हक्कच संपुष्टात आणता येतो. मुदत वाढवून मागता येते, पण मागावी लागते. कळीची बाब अशी, की स्थगितीविरुद्ध न्यायाधिकरणाकडे अपील करता येत नाही; उरतो तो उच्च न्यायालयात दाद मागण्याचा महागडा मार्ग. यामागचे तर्कशास्त्र पाहा. स्थगिती हा पात्रतेवरचा अंतिम निर्णय नाही, म्हणून त्यावर अपील नाही. अंतिम निर्णय झालेला नाही, म्हणून त्यावरही अपील नाही. निर्णय होत नाही तोवर भांडायला जागा नाही आणि निर्णय कधी व्हावा हे दुसऱ्याच्या मर्जीवर. मदत रद्द झालेल्या माणसाची स्थिती कधी कधी स्थगिती असलेल्यापेक्षा बरी म्हणावी लागते, कारण त्याच्या हातात निदान निर्णयाचा कागद असतो.

पुराव्याची अडचण येथे जवळून पाहण्यासारखी आहे. एकट्या आईला मिळणारी मदत ‘घरात जोडीदार राहतो’ अशा माहितीवरून थांबली आहे असे धरा. तिने काय सिद्ध करायचे? तो राहत असता, तर त्याचा पुरावा दाखवता आला असता. तो राहत नाही याचा पुरावा कसा आणायचा? तो दुसरीकडे राहतो याचे कागद त्याच्याकडे असतात आणि ते देण्याइतका त्यांचा संबंध उरलेला नसतो. शेजाऱ्याचे पत्र आणले, तर शेजारी ओळखीचा आहे असे म्हटले जाते. घरभाड्याच्या करारावर जुने नाव तसेच राहिलेले असते, कारण ते बदलायला घरमालकाची सही लागते. एखादी गोष्ट नसल्याचे सिद्ध करायला सांगणे हे कायद्याने सहसा टाळलेले ओझे आहे. स्थगितीत ते नकळत त्या माणसाच्या खांद्यावर येते, कारण तो सिद्ध करेपर्यंत पैसे थांबलेलेच असतात. चौकशी कार्यालयाची, सिद्ध करण्याची जबाबदारी दुसऱ्याची, असे हे वाटप आहे.

संगणकी नोंदींच्या तुलनेने हे ओझे एका झटक्यात हजारोंवर टाकता येते. २०२५ मध्ये ब्रिटनच्या कर खात्याने प्रवासाच्या नोंदी पाहून सुमारे २३,५०० कुटुंबांचा बाल-भत्ता थांबवला. देशाबाहेर गेल्याची नोंद आहे आणि परतल्याची नाही, म्हणजे माणूस परदेशी स्थायिक झाला, असा तर्क होता. पण उत्तर आयर्लंडमधली माणसे बेलफास्टहून विमानाने जातात आणि शेजारच्या आयर्लंड देशातल्या डब्लिनला उतरून रस्त्याने घरी येतात. त्या सीमेवर परतीची नोंद होतच नाही. सुट्टीवरून कधीच परतून मुलांना शाळेत घालणाऱ्या पालकांना आपण येथेच राहतो हे सिद्ध करण्याची पत्रे गेली. खात्याला माफी मागावी लागली आणि आधी विचारणा करून उत्तरासाठी महिनाभर द्यायचा, मगच थांबवायचे, असा क्रम स्वीकारावा लागला. यात कोणाची दुष्टबुद्धी शोधायची गरज नाही. नोंद नसणे आणि घटना न घडणे यांतला फरक यंत्राला कळत नाही, तो माणसाने विचारायचा असतो. पत्र आधी आणि स्थगिती नंतर, एवढ्या क्रमबदलाने बहुतेक मनस्ताप टळला असता.

सर्वांनाच संशयित मानून पडताळणी करण्याचा प्रकारही नवा नाही. दक्षिण आफ्रिकेच्या ईस्टर्न केप प्रांतात याद्या साफ करण्यासाठी हजारो लोकांची अपंगत्वाची मदत नोटीस न देता थांबवली गेली आणि त्यांना पुन्हा अर्ज करायला लावले गेले. एकेकट्याने न्यायालयात जाणे या लोकांना अशक्य होते. २००१ मध्ये तेथील सर्वोच्च अपील न्यायालयाने काही जणांना सर्वांच्या वतीने एकत्रित दावा चालवू दिला आणि दरिद्री, विखुरलेल्या लोकांसाठी असाच मार्ग लागतो हे मान्य केले.

नेदरलँड्सची कहाणी सर्वांत कडू आहे. पाळणाघराच्या खर्चासाठी पालकांना कर खात्यामार्फत भत्ता मिळत असे. २०१४ मध्ये आइंडहोव्हन येथील एका संस्थेवरच्या संशयावरून तिच्याशी संबंधित सुमारे ३०० पालकांचा भत्ता सरसकट थांबवण्यात आला. संशय संस्थेवर होता, थांबला मात्र प्रत्येक पालकाचा पैसा. पालकांनी हरकती घेतल्या, कागद पुन्हा पुन्हा पाठवले आणि निर्णय लांबत राहिले. २०१७ मध्ये राष्ट्रीय लोकपालांनी या कारभारावर कडक अहवाल दिला. पुढे कळले, की हे एकटे प्रकरण नव्हते: किरकोळ कागद अपुरा असला, तरी वर्षभराचा संपूर्ण भत्ता परत मागितला जात होता, आणि धोका मोजणाऱ्या प्रणालीत नागरिकत्वाचाही निकष वापरलेला होता. डिसेंबर २०२० मध्ये संसदीय समितीचा अहवाल आला आणि १५ जानेवारी २०२१ रोजी पंतप्रधान मार्क रुटे यांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. बाधित पालकांना किमान ३०,००० युरो देण्याचे ठरले. लोकांची घरे, नोकऱ्या आणि संसार त्याआधीच मोडले होते.

मग नीट नियम कसा असावा? याचे एक उत्तर जर्मनीत सापडते आणि मला ते आवडते, कारण ते उदात्त भाषेत न बोलता सरळ कार्यालयाच्या घड्याळाला हात घालते. तेथील सामाजिक कायदा-संहितेच्या तिसऱ्या ग्रंथातील कलम ३३१ नुसार, हक्क संपतो किंवा थांबतो असे दाखवणारी तथ्ये रोजगार कार्यालयाला कळली, तर ते औपचारिक निर्णयाशिवायही पैसे तात्पुरते थांबवू शकते. ती माहिती खुद्द लाभार्थ्याने दिलेली नसेल, तर स्थगिती आणि तिची कारणे त्याला विनाविलंब कळवून म्हणणे मांडायची संधी द्यावी लागते. आणि खरी मेख पुढे आहे: दोन महिन्यांच्या आत मूळ मंजुरी मागील काळापासून रद्द केली नाही, तर थांबवलेले पैसे ताबडतोब चुकते करावे लागतात. संशय फिटला की नाही हा प्रश्नच नाही. मुदत संपली की पैसे द्यायचे. येथे घाई कार्यालयाला लागते. शिवाय कलम केवळ ‘शंका’ म्हणत नाही, तथ्ये कळलेली असणे मागते.

याच्या जोडीला लहान उपाय अनेक आहेत. वाद ज्या भागाविषयी आहे तेवढाच थांबवून मुलांचा किंवा औषधांचा भाग चालू ठेवता येतो. भाड्याची रक्कम थेट घरमालकाला देता येते. एका योजनेची स्थगिती आपोआप दुसऱ्या योजनेत पसरू न देणे तर अगदी सोपे आहे, आणि तरीही तेच सर्वाधिक दुर्लक्षित राहते: मूळ मदत थांबली, की तिच्या आधारावर मिळणारी भाड्याची सवलत, मग फीची सवलत, अशी पत्त्यांची उतरंड कोसळत जाते.

ज्याच्या हाती असे पत्र पडले आहे, त्याच्यासाठी चार व्यवहाराच्या गोष्टी. पाकीट फेकू नये. मुदत बहुधा पत्राच्या तारखेपासून मोजली जाते आणि ते प्रत्यक्षात कधी टाकले गेले हे पाकिटावरच्या टपालाच्या शिक्क्यावरून सिद्ध होते. फोनवर विचारावे, पण विसंबावे लेखी पत्रावर: कोणत्या नियमाखाली, कोणत्या कारणावरून, कोणत्या तारखेपासून थांबवले आणि कोणते कागद कधीपर्यंत हवेत, एवढे लेखी मागावे आणि पोच घ्यावी. सगळे कागद जमेपर्यंत गप्प राहणे ही नेहमीची चूक आहे. आहे ते मुदतीत द्यावे आणि उरलेल्यासाठी वाढीव मुदत मागावी, कारण उत्तर न देणे हे पुष्कळ ठिकाणी स्वतंत्र कारण धरले जाते. सुनावणी मागितल्यास मदत चालू राहण्याची तरतूद असेल, तर तिची मुदत अपिलाच्या मुदतीहून बरीच लहान असते, हे विसरू नये.

स्थगिती उठली, की माणूस थकबाकी मोजतो आणि विषय संपला असे समजतो. थकबाकी पूर्ण आली का, ती स्थगितीच्या नेमक्या तारखेपासून धरली आहे का आणि त्यामुळे थांबलेल्या इतर सवलती वेगळा अर्ज न करता सुरू होणार का, हे विचारावेच. त्याखेरीज आणखी एक प्रश्न लेखी विचारावा: माझ्या नोंदीवर संशयाचा शेरा उरला आहे का? नेदरलँड्सच्या कर खात्याकडे संशयितांची अशी एक यादी होती, जी फेब्रुवारी २०२० मध्ये बंद करावी लागली. तिच्यात सुमारे २,७०,००० व्यक्तींची नावे होती आणि आपले नाव तेथे आहे, हे त्यांतल्या बहुतेकांना ठाऊकच नव्हते.